उजेडात उमटणारा चेहरा : शीट किती जाडीची घ्यावी?

वडील गेले तेव्हा घरात त्यांचा धड असा एकच फोटो निघाला. लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला, काळा-पांढरा, कडेने पिवळा पडलेला. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन आणि डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. मोठा मुलगा आयटीआय करून एका कारखान्यात सीएनसी राऊटरवर कामाला होता. तिथे स्वयंपाकघराचे ओटे आणि दुकानांची काउंटर तयार होत. कापून उरलेले पांढरे तुकडे कोपऱ्यात पडून असत. त्याच्या मनात आले, पहिल्या स्मृतिदिनाला बाबांचे असे चित्र करावे की मागे दिवा लावला की चेहरा उजेडातून उमटेल. मालकाला विचारून त्याने १२ मिलिमीटर जाडीचा एक तुकडा घेतला आणि पाळी संपल्यावर मशीन लावले.

रात्री घरी आणून दिवा लावला, तर चेहराच दिसेना. वरून चार मिलिमीटर खोल कोरले होते, पण खाली अजून आठ मिलिमीटर जाडी शिल्लक होती. नुसता मळकट उजेड, जसा धुक्यात कंदील दिसावा. दुसऱ्या दिवशी त्याने चूक सुधारायची म्हणून दुसरा तुकडा जवळजवळ तळापर्यंत कोरला. या वेळी केस, मिशा आणि खांदे मिळून एक काळा गोळा झाला आणि कपाळावर मशीन आरपार गेले. दिवा लावताच कपाळातल्या त्या भोकातून उजेडाचा झोत बाहेर आला. आईने एकदा पाहिले आणि काही न बोलता आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, फोटो चांगला आहे, मशीन चांगले आहे, मग चुकले कुठे?”

आम्ही दोघांनी बसून त्याचा शोध घेतला. चूक जाडीत होती. आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज राऊटरवर, फर्निचरच्या कामात, नावाच्या पाट्या करण्याच्या धंद्यात आहेत. त्यांच्यापैकी कुणाला हे काम करून पाहावेसे वाटले, तर त्याचा तुकडा, त्याचा वेळ आणि त्याच्या आईचा जीव वाया जाऊ नये, म्हणून हा लेख.

जाडी हाच कुंचला

या प्रकारच्या चित्राला लिथोफेन म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘दगड’ आणि ‘दिसणे’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून हे नाव पडले. कागदावरच्या चित्रात शाई असते, रंग असतो. लिथोफेनमध्ये यातले काहीच नसते. पांढऱ्या, दुधाळ पदार्थाच्या फळीवर उंचसखल कोरलेले असते, एवढेच. मागून उजेड सोडला की फळी जिथे पातळ, तिथून तो भरपूर येतो आणि तो भाग उजळ दिसतो. जिथे जाड, तिथे उजेड अडतो आणि तो भाग काळसर दिसतो. दिवा मालवला की फळी पुन्हा पांढरीच्या पांढरी.

ही कला युरोपात चिनी मातीच्या कामातून वाढली. १८२७ साली पॅरिसमध्ये पॉल द बूर्ग्वाँ या फ्रेंच सरदाराने तिचे पेटंट घेतले. त्यानंतर जर्मनीतील बर्लिन, माइसेन आणि प्लाउए येथील कारखान्यांत अशा फळ्या मोठ्या प्रमाणात तयार झाल्या. खिडकीच्या तावदानात, दिव्याच्या झाकणात, मेणबत्तीपुढच्या आडोशात त्या बसवत. काही पेल्यांच्या बुडाशीही असे चित्र असे. पेला रिकामा करून उजेडासमोर धरला की ते दिसायचे. लॉरेल ब्लेअर या संग्राहकाने अमेरिकेच्या ओहायो राज्यात अशा दोन हजारांहून अधिक फळ्या जमवल्या.

त्या काळातील कारागिराची रीत आपल्याला फार शिकवून जाते. तो काचेवर मेणाचा थर पसरायचा, काचेमागून उजेड घ्यायचा आणि मेण कोरायचा. कोरताना प्रत्येक घावासरशी मागचा उजेड किती वाढला हे त्याला समोर दिसायचे. गाल पुरेसा उजळला की हात थांबायचा. मग त्या मेणावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून चिनी मातीची फळी आणि शेवटी भट्टी. भट्टीत फळी आकसायची, पुष्कळदा वाकायची किंवा तडकायची. तरी जाडीचा निवाडा मात्र आधीच, उजेडासमोर झालेला असे.

आपल्या राऊटरला उजेड दिसत नाही. तो सांगितलेल्या खोलीला जातो आणि परत येतो. शीट मशीनवर पालथी चिकटलेली असते, मागे दिवा नसतो, म्हणून चालवणाऱ्यालाही काही दिसत नाही. चित्र बरे की वाईट हे दोन-तीन तासांनी कळते. म्हणूनच जाडी मशीन लावण्यापूर्वी, उजेडासमोर ठरवावी लागते.

उजेड कसा घटतो

पुष्कळांचा समज असा की जाडी दुप्पट केली की उजेड निम्मा होतो. तसे होत नाही. पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली याविषयीचा नियम मांडला. पदार्थाचा प्रत्येक सारखा थर आपल्यापर्यंत आलेल्या उजेडाचा सारखाच हिस्सा खातो.

समजा एखाद्या शीटचा एक मिलिमीटर थर निम्मा उजेड जाऊ देतो. मग दोन मिलिमीटरमधून पाव, तीनमधून आठवा हिस्सा, चारमधून सोळावा आणि पाचमधून बत्तिसावा हिस्सा बाहेर येईल. आठ मिलिमीटरपर्यंत गेलात तर दोनशे छप्पन्नातला एकच भाग उरला. दुधाळ पदार्थात उजेड आतल्या आत विखुरतो, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत जुळत नाही. पण कल येण्यापुरता तो खरा आहे.

आता त्या मुलाचा पहिला तुकडा आठवा. त्याची सर्वांत पातळ जागा आठ मिलिमीटर आणि सर्वांत जाड बारा. आठ मिलिमीटरलाच उजेड जवळजवळ संपला होता. त्यापुढे चार मिलिमीटर उंचसखल कोरून काय उपयोग? अंधारात अंधार मिसळला. दुसऱ्या तुकड्यात उलटी गंमत झाली. पातळ जागा अर्ध्या मिलिमीटरची ठरवली आणि जाड पुरती बारा ठेवली. फोटोतल्या निम्म्याहून अधिक छटा सहा मिलिमीटरच्या पलीकडे गेल्या आणि सगळ्या सारख्याच काळ्या दिसल्या. मिशा कुठे संपतात आणि ओठ कुठे सुरू होतात हे कळेना.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. चित्राला दोन जाड्या लागतात. एक सर्वांत पातळ, जी फोटोतल्या सर्वांत उजळ जागेची. दुसरी सर्वांत जाड, जी सर्वांत काळ्या जागेची. या दोन सीमांच्या मध्ये सगळा चेहरा बसवायचा. शीट विकत घ्यायची ती या दुसऱ्या सीमेएवढी किंवा त्याहून किंचित जाड. आधी शीट हाताशी आहे म्हणून घेतली आणि मग चित्र तिच्यात कोंबले, की फसगत ठरलेली.

दहा पायऱ्यांची पट्टी

या दोन सीमा कुणाला विचारून मिळत नाहीत. शीटची जात, तिचा पांढरेपणा, दिव्याची ताकद आणि खोलीतला उजेड, यावर त्या बदलतात. त्यासाठी स्वतःच एक पट्टी करावी. त्याला अर्धा तासही लागत नाही आणि रद्दीतला तुकडा पुरतो.

जी शीट वापरायची तिचाच २०० मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर रुंद तुकडा घ्या. त्यावर २० मिलिमीटर रुंदीच्या दहा पायऱ्या कोरा. पायरीखाली शिल्लक राहणारी जाडी अशी ठेवा : ०.८, १, १.२, १.५, २, २.५, ३, ४, ५ आणि ६ मिलिमीटर. प्रत्येक पायरीच्या कडेला पेन्सिलीने आकडा लिहा. नाहीतर दोन दिवसांनी कुठली पायरी कुठली ते आठवत नाही.

आता ही पट्टी, जो दिवा लावणार आहात त्याच दिव्यापुढे, तेवढ्याच अंतरावर धरा. शक्य तर ज्या भिंतीवर चित्र लावायचे तिथेच, संध्याकाळी घरातला नेहमीचा दिवा चालू ठेवून पाहा. दोन गोष्टी शोधायच्या.

पहिली, पातळ बाजूकडून. कोणत्या पायरीवर मागच्या एलईडीचे ठिपके किंवा पट्टीची रेघ दिसायची बंद होते? ती तुमची पातळ सीमा. त्याहून पातळ गेलात तर चेहऱ्यावर दिव्याचे ठिपके दिसतील आणि फळीही नाजूक होईल.

दुसरी, जाड बाजूकडून. कोणत्या पायरीनंतर पुढची पायरी आणखी काळी वाटत नाही? ती तुमची जाड सीमा. त्यापुढची जाडी नुसता भार आहे.

त्या मुलाने ६ मिलिमीटर शीटच्या तुकड्यावर ही पट्टी केली. ०.८ आणि १ वर ठिपके दिसत होते, १.२ वर नाहीसे झाले. ५ आणि ६ मध्ये डोळ्याला फरक कळेना. म्हणजे त्याच्या सीमा ठरल्या १.२ आणि ५. कोरण्याची एकूण खोली ३.८ मिलिमीटर. ही त्याच्या शीटची आणि त्याच्या दिव्याची उत्तरे झाली, तुमची वेगळी येतील. आकडे उसने घेऊ नका, रीत घ्या.

या पट्टीत आणखी एक गंमत दिसते. दोन, तीन, चार अशा सारख्या अंतराच्या पायऱ्यांवर उजेड प्रत्यक्षात झपाट्याने घटत असतो, पण डोळ्याला त्या सारख्याच टप्प्याने काळ्या होत गेल्यासारख्या वाटतात. आपला डोळाही उजेडाची तुलना पटीतच करतो. म्हणून फोटोतल्या छटा जाडीवर सरळ उतरवल्या तरी चेहरा बहुधा नीट येतो. मधल्या छटा जास्त काळ्या वाटल्या, तर संगणकावर फोटो थोडा उजळून घ्यावा, शीट बदलू नये.

कोणती शीट घ्यावी

कोरण्यासाठी सर्वांत सोयीची ती बाजारात ‘कोरियन’ म्हणून मिळणारी पांढरी शीट. हे मुळात एका कंपनीच्या मालाचे नाव. ड्यूपाँट कंपनीने १९६७ साली तो बनवला. आता तशा जातीच्या सगळ्याच शीटना लोक हेच नाव देतात. त्यात अॅक्रिलिक आणि अॅल्युमिनियमच्या एका खनिजाची बारीक पूड असते. त्या पुडीमुळे उजेड सारखा पसरतो आणि कापताना माल वितळून बिटला चिकटत नाही. रंग मात्र निखळ पांढराच हवा. खडीसारखे ठिपके असलेली शीट घेतलीत, तर ठिपके चेहऱ्यावर डागांसारखे उठतील.

या शीट मुख्यतः ६ आणि १२ मिलिमीटर जाडीत मिळतात. सुतारकामाच्या भाषेत दोन सूत आणि चार सूत. वरच्या हिशेबावरून दोन सुती शीट या कामाला नेमकी पडते. ओट्याचा उरलेला चार सुती तुकडाच हाताशी असेल तर तोही वाया जात नाही. त्याची मागची बाजू आधी कोरून मधला भाग पाच-सहा मिलिमीटरवर आणावा आणि कडेने दोन बोटे रुंद पट्टी पुरती जाड ठेवावी. त्या पट्टीचीच चौकट होते आणि मागच्या खोलगट जागेत दिवा बसतो. मात्र अर्धी शीट भुसा होऊन उडते आणि मशीनचा वेळ वाढतो, हे धरून चालावे.

पारदर्शक अॅक्रिलिक किंवा काच या कामाची नाही. त्यातून उजेड सरळ आरपार जातो, जाड-पातळ केले तरी छटा उमटत नाहीत. पांढरा संगमरवर पातळ केला की उजेड सोडतो हे खरे, पण त्याच्या शिरा चेहऱ्यावरून जातात आणि पातळ जागी तो पटकन तुटतो.

थ्री-डी प्रिंटरवरही लिथोफेन करता येते. पांढऱ्या पीएलए प्लास्टिकमध्ये साधारण ०.८ ते ३ मिलिमीटरची जाडी पुरते, कारण हे प्लास्टिक लवकर उजेड अडवते. ते आडवे न छापता उभे छापावे. आडवे छापले तर जाडी थरांच्या पायऱ्यांत मोजली जाते आणि गालावर नकाशासारख्या रेघा दिसतात. हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, तेव्हा ते उन्हात किंवा तापणाऱ्या बल्बजवळ ठेवू नये.

मशीन लावताना

पहिली गोष्ट, शीट प्रत्यक्ष मोजा. विकताना १२ म्हणून दिलेली शीट ११.७ भरू शकते. त्या मुलाचे कपाळ फुटले ते यामुळेच. त्याने शीटच्या वरच्या पृष्ठावर शून्य धरून साडेअकरा मिलिमीटर खाली जायला सांगितले. खाली अर्धा मिलिमीटर उरेल असा त्याचा हिशेब. उरले जेमतेम ०.२. ओटा करताना एवढ्या फरकाचे कुणाला काही वाटत नाही. इथे चेहऱ्याला भोक पडते.

म्हणून शून्य वरून न धरता खालून, म्हणजे बेडच्या पृष्ठावरून धरावे. आपल्याला किती कोरले यापेक्षा किती उरले याच्याशी मतलब आहे. त्याआधी बेडवरचा एमडीएफ मशीननेच एकदा सपाट करून घ्यावा. बेड एका कोपऱ्यात ०.३ मिलिमीटर उंच असेल, तर १.२ मिलिमीटरच्या जागी पाव भागाची चूक होते. तिथला गाल उगाच जास्त उजळेल.

शीट नुसत्या कडेच्या क्लॅम्पवर धरू नये. मध्यभाग पातळ झाला की बिटच्या दाबाने तो थरथरतो. खाली सगळीकडे सारखा डबल टेप लावून चिकटवावी, टेपवर टेप चढू देऊ नये. टेपची जाडीही मोजून हिशेबात धरावी.

आधी जाड बिटने अर्धा मिलिमीटर राखून वरचा माल काढावा, मग बारीक गोल टोकाच्या बिटने शेवटचा हात. या शेवटच्या हाताला वेळ लागतो. चित्र २०० बाय २५० मिलिमीटरचे असेल आणि दोन फेऱ्यांत ०.२ मिलिमीटर अंतर ठेवले, तर १,२५० फेऱ्या होतात. बिटला २५० मीटर चालावे लागते. मिनिटाला दोन मीटर वेगाने हे काम दोन तास पाच मिनिटांचे. अंतर निम्मे केले तर वेळ दुप्पट. गिऱ्हाईकाला भाव सांगण्याआधी हा हिशेब करावा. पुष्कळ मुले शीटचे पैसे धरतात आणि मशीनच्या तासांचे विसरतात.

चष्मा ही मोठी परीक्षा. चष्म्याची काळी काडी कोरीव कामात पातळ भिंतीसारखी उभी राहते. बिट वेगाने फिरवला तर ती टवका उडून तुटते. उलट डोळ्यातली चमक म्हणजे इवलासा खड्डा. बिटचे टोक त्याहून जाड असेल तर ते आत शिरतच नाही आणि डोळे निर्जीव दिसतात. डोळे लहान येणार असतील तर चित्र मोठे करावे किंवा एक मिलिमीटर टोकाचा निमुळता बिट घ्यावा. जुन्या फोटोची पांढरी पार्श्वभूमी संगणकावर फिकट राखाडी करून घ्यावी. नाहीतर चेहऱ्याभोवतीचा सगळा भाग पातळ होऊन तिथलाच उजेड डोळ्यांत जातो.

कोरलेली बाजू पुढे ठेवायची की मागे, हेही आधी ठरवावे. सपाट बाजू पुढे हवी असेल तर फोटो आरशातल्यासारखा उलटा करून कोरावा. हे विसरले की वडिलांचा खिसा उजवीकडे जातो, आणि घरच्या माणसाला ते पहिल्या नजरेत खटकते.

दिवा आणि धूळ

मागे एलईडीचे पॅनेल असेल तर उत्तम. पट्टी वापरायची असेल तर एक साधा नियम आहे. दोन एलईडींमध्ये जेवढे अंतर, निदान तेवढे अंतर पट्टी आणि शीटमध्ये ठेवावे. मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीत हे अंतर साधारण १७ मिलिमीटर होते, म्हणून बोटभर जागा सोडावी. अंतर कमी ठेवले तर ठिपके लपवण्यासाठी शीट जाड ठेवावी लागते, मग सगळेच चित्र काळवंडते. मेणबत्ती किंवा तापणारा बल्ब शीटमागे लावू नये. १२ व्होल्टचा चांगला अॅडॅप्टर वापरावा आणि जोड उघडे सोडू नयेत.

आता सर्वांत कळकळीची गोष्ट. या कामात पिठासारखी बारीक धूळ उडते. ती पांढरी असते, वास नसतो, म्हणून कुणी तिला भीत नाही. २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात, वर्षानुवर्षे कोरियन कापणाऱ्या आणि घासणाऱ्या एका कामगाराच्या फुफ्फुसाच्या गंभीर आजाराची हकीकत डॉक्टरांनी मांडली होती. एका माणसावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढता येत नाही, पण सावध व्हायला तेवढे पुरे आहे. मशीनला धूळ ओढणारा पंप लावावा, एन-९५ मास्क घालावा, नुसता रुमाल बांधून भागत नाही. घासायचे असेल तर पाणी लावून घासावे. अंगावरचे कपडे झटकून नव्हे, पुसून घरी यावे, कारण घरात लहान मुले असतात.

बोटांनी वाचायचे चित्र

लिथोफेनचा एक गुण जुन्या कारागिरांच्या कामात होताच, पण त्याचे मोल अलीकडे कळले. जे डोळ्यांना उजेडात दिसते, तेच बोटांना उंचसखल म्हणून लागते. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात याविषयी लेख प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या अभ्यासातील आलेख आणि सूक्ष्मदर्शकातील चित्रे त्यांनी थ्री-डी प्रिंटरवर लिथोफेन म्हणून छापली. अंध व्यक्तींनी ती बोटांनी वाचली, डोळसांनी मागे दिवा लावून पाहिली. अंधांची उत्तरे शंभरात सुमारे ९७ बरोबर आली, डोळसांची सुमारे ९२.

एकच फळी दोघांच्या उपयोगी पडते, ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे अंध मुलांना शिकवणाऱ्या शाळांतील शिक्षकांनी आणि हाताशी मशीन असलेल्या तरुणांनी एकत्र बसले, तर हृदयाची आकृती, पानाच्या शिरा, महाराष्ट्राचा नकाशा अशा कितीतरी गोष्टी करता येतील. तिथेही प्रश्न जाडीचाच येईल. बोटाला फरक लागला पाहिजे, म्हणून खोली फार कमी ठेवून चालणार नाही.

त्या मुलाने तिसऱ्या वेळी घाई केली नाही. बेड सपाट केला, शीट चारही कोपऱ्यांत मोजली, शून्य खालून धरले. पातळ जागा १.२, जाड जागा ५. कड तेवढी ६ मिलिमीटरची तशीच ठेवली. मशीन दोन तासांहून जास्त चालले, तो तेवढा वेळ शेजारी उभा होता.

रात्री घरी दिवा लावला तेव्हा आधी सदऱ्याची कॉलर दिसली, मग मिशा, मग कपाळ. आईची नजर मोतीबिंदूने अधू झालेली. तिला दुरून नीट दिसेना, म्हणून ती जवळ गेली आणि चेहऱ्यावरून बोटे फिरवली. बोटे चष्म्याच्या काडीवर थांबली.

“हा चष्मा रोज मीच पुसून द्यायचे,” ती म्हणाली.

मग दिवा मालवायला कुणी उठले नाही. पहिले दोन तुकडे त्या मुलाने टाकून दिलेले नाहीत. कारखान्यात नवीन मुलगा आला की तो ते त्याच्या हातात देतो, सोबत दहा पायऱ्यांची ती पट्टीही देतो, आणि सांगतो, आधी ही उजेडासमोर धर, मग मशीनला हात लाव.